जेवल्यानंतरचं बोलणं

आई, अजून डोळ्यांसमोर आहे, तुम्ही मोरीशी बसून बांगडे साफ करताय आणि मी स्टोव्हवर आपल्या घरच्या खानावळीच्या मेंबरांचा भात चढवलाय. घाटकोपरच्या त्या दोन खोल्यांत तुमची सून म्हणून येऊन मला फार दिवस झाले नव्हते. शाळा माझी दुसरीतच सुटलेली, पण वाण्याच्या पुड्यांचे कागद मी अक्षर अक्षर लावून वाचायची. त्या सकाळी गुळाच्या पुडीचा कागद हातात होता आणि भात खालून लागला. वास साऱ्या चाळीत गेला. पंगतीतला एक मेंबर ओरडला, "काय वहिनी, आज होम केलात काय!" मी रडवेली झाले. तुम्ही उठलात, वरचा चांगला भात काढून घेतलात, पातेलं मोरीत सारलंत आणि वाढायला लागलात. माझ्याकडे पाहिलंही नाहीत. सगळे उठून गेल्यावर माझ्यापुढे ताट ठेवलंत. "पयलां जेव गो, मगे बोलतंय." कशीबशी जेवले, हात धुतला, आता ऐकायचं म्हणून उभी राहिले. तर तुम्ही विचारलंत, "काय लिवलेलां होतां त्या कागदात?" मी सांगितलं, कुठल्याशा गावात वाघ विहिरीत पडला, पण पुढचं फाटलंय. "मगे? वाघ भायर इलो की नाय?" ते मला कुठून माहीत असणार! तुम्ही जरा हळहळलात आणि म्हणालात, "भात उतारल्यार वाच." रागावणं ते एवढंच.

तुम्ही गेलात त्याला खूप वर्षं झाली. चाळीत आता रंगीत टीव्ही आलाय. तुमच्यामागून हेही गेले. मग मी अंधेरीला केसांच्या तेलाच्या कारखान्यात पॅकिंगला लागले. यांचाच डबा नेते. त्याचं झाकण फार घट्ट, ते काढायला हे हवे होते असं रोज वाटतं. यंदा साहेबांनी मला पॅकिंगच्या बायकांवर सुपरवायझर केलं आणि वाचते म्हणून एक पुस्तक दिलं, वेळ कसा वापरावा आणि माणसांकडून काम कसं करून घ्यावं, याचं. मला ते आवडलं. सगळ्यात नकोसं काम सकाळीच उरकावं, हे तर मी लगेच उचललं. पण त्यात असंही आहे की चूक दिसली की तिथल्या तिथे सांगावी. तिथे मी अडले. तुम्ही का थांबायचात? उपाशी माणसाला बोलू नये म्हणून, की तुमचाच राग निवावा म्हणून? की पंगत उठेपर्यंत तुम्हाला रागवायला सवडच नसायची?

गेल्या आठवड्यात आमच्यातल्या एकीने माक्याच्या तेलाच्या बाटल्यांना आवळ्याची लेबलं लावली. खोकीच्या खोकी. साहेब तापले. "बाई, तिला आत्ता सगळ्यांसमोर झापा, नाहीतर उद्यापासून तिला घरी बसवा. सुपरवायझर कशाला केलंय तुम्हाला?" तिच्या एकटीच्या पगारावर तिचं घर चालतं. बाकीच्या कुजबुजल्या, "वाट लागली हिची." मी साहेबांना म्हटलं, जेवणाची सुट्टी झालीय, नंतर बघते. आणि तिला म्हटलं, "चल, आधी डबा खा." खाऊन झाल्यावर विचारलं, "काय झालं गं?"

"चुकलं, बाई."

"ते दिसलं मला. पण चुकलं कसं?"

ती डब्याच्या रुमालाची गाठ सोडत बसली, बांधत बसली. मग हळूच म्हणाली, "आधी आवळ्याचं लेबल पिवळं होतं ना. आता दोन्ही हिरवीच आलीत. मला वाचता कुठे येतं? कोणाला सांगू नका हां."

सगळ्यांदेखत झापलं असतं तर "चुकलं"च्या पुढे ती एक शब्द बोलली नसती. हे तुम्हाला ठाऊक होतं का, आई? कोणी शिकवलं? की न ठरवताच व्हायचं? पुस्तकात मी पुन्हा पुन्हा शोधलं, सापडलं नाही.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून खरं ते लिहिते. मी थांबले ती तुमची आठवण ठेवून नाही. ओरडायचीही भीती वाटत होती आणि साहेबांना नाही म्हणायचीही, म्हणून डब्याचं निमित्त केलं. तुम्ही आठवलात ते नंतर, ती बोलायला लागली तेव्हा.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच साहेबांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, दोन्ही लेबलं हिरवी आहेत, ही चूक कोणाच्याही हातून होईल, ती कामावर राहील. मग बाहेर येऊन तिला खोकी बांधायच्या टेबलाशी बसवलं, तिथे वाचायचं काम पडत नाही.