बाबांच्या भजनाच्या एकतीस कॅसेटी

मी, किशोर सोनबा उतेकर, वय ६२, राहणार कापडे, ता. पोलादपूर, महाडच्या औद्योगिक वसाहतीतला निवृत्त कॉम्प्रेसर ऑपरेटर, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाचाही धाक नसताना हे लिहून ठेवतो. धास्तीने लिहायला घेतलं होतं, पण दवाखान्याचा रिपोर्ट गेल्या आठवड्यात स्वच्छ आला. अर्धं झालंच होतं, म्हटलं पुरं करू.

१. घर आणि भाताची खाचरं थोरली बहीण चंद्रभागा, म्हणजे आमची आका, हिच्या नावे मी तीन वर्षांपूर्वीच करून दिली आहेत. नवरा गेल्यावर ती माहेरी आली आणि तेव्हापासून या घराची चूल तिनेच राखली. त्यावर कोणी तोंड उघडू नये.

२. पान्यांची पेटी गावच्या भजनी मंडळाला. यांचा स्पीकर दर सप्ताहाला बोंबलतो आणि माझ्या नावाने हाका सुरू होतात. आता स्वतः दुरुस्त करा.

३. चुलतभाऊ मोरू याला काही नाही. मी ऐकतो त्या इंग्रजी गाण्यांना त्याने भर पंगतीत "भाताची गिरण" म्हटलं. मोरू, गिरण वाईट नसते. अठ्ठावीस वर्षं मी यंत्राशेजारी उभा होतो, न चुकणाऱ्या ठेक्याचा माणसाला किती आधार असतो ते मला विचार. त्या गाण्यांत बेस गिटार पुढे चालते, सिंथेसायझर मागून धुक्यासारखा भरत येतो, आणि गाणारा घोगऱ्या आवाजात दुःख सांगतो पण कीव मागत नाही. आकाची मुलगी सेजल मुंबईहून वीर स्टेशनला उतरली की आजच्या पोरांची तसलीच गाणी आधी माझ्या कानात घालते. चाळीस वर्षांनीही ठेका जिवंत आहे, याचं मला फार समाधान वाटतं.

४. कॅसेटी, एकूण एकतीस, मुंबईच्या फुटपाथवर घेतलेल्या. यांचं खरं इथे सांगतो. बाबा भजनी मंडळाचे बुवा. हे इंग्रजी वाजलं की म्हणायचे, "भुताटकी बंद कर." म्हणून मी प्रत्येकीवर "बाबांचं भजन, भाग अमुक" अशी चिठ्ठी चिकटवली. बाबांच्या वर्षश्राद्धाला आकाने त्यातला भाग सातवा लावला. घर भरलेलं, सगळे हात जोडून बसलेले. मी बंद करायला उठलो, तर शेजारच्या बहिऱ्या ठकूबाईंनी मनगट धरलं. "बस रे. सोनबा गातोय. लय लांबून गातोय." अख्खी बाजू वाजली. बाप गेल्यावर मी पहिल्यांदा रडलो ते तेव्हा. नंतर सगळ्यांना सांगितलं, टेप घसरली. बापाच्या श्राद्धाची ही लबाडी पंचवीस वर्षं माझ्या घशात अडकली आहे. तरी या कॅसेटी माझ्याबरोबर जाळाव्यात.

५. कलम ४ मधलं शेवटचं वाक्य रद्द. आज पोलादपुरात वकिलांसमोर हे वाचून दाखवलं. आका साक्षीदार म्हणून सही करणार होती. "जाळाव्यात" ऐकलं आणि तिने पेन खाली ठेवलं.

"मला काय ठावं नव्हतं? तू शिफ्टची बस धरलीस की मीच लावायची. भांडी घासताना लय बरी पडतात."

"मग श्राद्धाला?"

"मुद्दाम लावली. वरीस झालं, किशोरा, तुझ्या डोळ्याला पाणी नाय. मला भ्या वाटाय लागलं व्हतं."

मी म्हटलं, मग कॅसेटी तूच ठेव. वकील म्हणाले, ज्याला काही मिळायचं त्याने साक्षीला राहू नये. सही की कॅसेटी, एक काय ते ठरवा.

"सही कोणबी करंल," आका म्हणाली. "गाणी माझी हायेत."

सबब सर्व एकतीस कॅसेटी आणि टेपरेकॉर्डर आकाला. मला आज फार हलकं वाटतं आहे.

ठिकाण : पोलादपूर
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार : किशोर सोनबा उतेकर (सही)

साक्षीदार :
१. गोमाजी धोंडू सकपाळ (सही)
२. बनुबाई गोमाजी सकपाळ (अंगठा). या जागी आधी चंद्रभागेचं नाव होतं. ते तिने स्वतःच्या हाताने खोडलं, आणि ती खोडाखोड मला मान्य आहे. कि. सो. उ.