वासंतीचं पुढे काय झालं?

गिरगाव, मुंबई ४
ता. २२ जानेवारी १९५७

तीर्थरूप अण्णांस,

तुमच्या दुखऱ्या गुडघ्यांना आधी आणि मग तुम्हांला साष्टांग नमस्कार. (गुडघे हल्ली तुमच्याहून जास्त मानपान मागतात, असं वहिनींनी लिहिलं होतं.) वेंगुर्ल्याच्या बागेत मोहर कसा आहे? इकडे मी धड आहे, तुमची बहीण माझ्याहून धड आहे आणि माझा छापखाना महाराष्ट्राला वाहिला गेला आहे. कसा, ते सांगतो.

गेल्या पंधरवड्यात आमच्या वाडीत समितीची सभा झाली. निवडणूक तोंडावर, माणसं पार जिन्यापर्यंत. लेखक मी, प्रकाशक मी आणि छापखान्याचा मालकही मीच. तिघांच्या वतीने एकट्याने बोलायचं म्हटल्यावर बोलणं लांबलं, आणि टाळ्या पडू लागल्यावर तोल सुटला. माझा छापखाना, माझी लेखणी, माझं सर्वस्व आजपासून तुमचं, असं म्हणून मी खाली बसलो. सभेत असं म्हणायचंच असतं हो! दुसऱ्या दिवशी निर्धास्तपणे पुण्याला गेलो. ‘वासंतीचा निर्णय’ या माझ्या कादंबरीला (आठ वर्षं लिहीत होतो, हे तुम्हांला सांगायला नको) एका विद्वानांची प्रस्तावना हवी होती. ते चार दिवस झोपलेलेच होते, असं त्यांच्या घरचे सांगत.

परत येऊन पाहतो तर आमच्या रामजीने, तीस वर्षं छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या माणसाने, माझा शब्द न् शब्द खरा धरलेला. समितीला पाच हजार पत्रकं हवी होती. पत्रक म्हटलं की वाक्यागणिक उद्गारचिन्ह. आणि छापखान्यातली झाडून सगळी उद्गारचिन्हं माझ्या शेवटच्या प्रकरणात अडकलेली. दोनशे चाळीस पानं छापून झाली होती, शेवटची सोळा जुळवून सुतळीने बांधून ठेवली होती. रामजीने सुतळी सोडली. वासंतीचे हुंदके एकेक वेचले आणि ‘झालाच पाहिजे’पुढे तीन-तीन लावले. बाकीचे खिळे आपापल्या खणात परत. पत्रक मात्र झकास झालं. मी छापलेलं काहीही इतक्या लोकांनी आजवर वाचलं नव्हतं.

बरं, हस्तलिखित तरी असावं ना? ते आणि प्रुफं, दोन्ही तुमच्या बहिणीने, कौसल्येने, बायकांच्या मोर्चासाठी फलकांच्या पुठ्ठ्यांवर खळीने चिकटवली आणि वर लाल अक्षरं रंगवली. माझं शेवटचं प्रकरण शिवाजी पार्कपर्यंत पायी गेलं ते परत आलंच नाही. ओरडायचीही सोय नाही. वाडीतले लोक येऊन हात जोडतात, म्हणतात त्याग असावा तर असा. मी मान तुकवतो.

पाडव्याला प्रकाशन ठरलं आहे आणि वासंती पान दोनशे चाळीसवर दाराच्या कडीला हात लावून उभी आहे. डॉक्टर की मास्तर? आठ वर्षांत मी पाच शेवट लिहिले. त्यातला छापायला दिला तो कुठला, देवाशपथ आठवत नाही. रामजीला विचारलं. तो म्हणाला, “मालक, मी अक्षरं बघतो. बाई कोणाकडे गेली ते बघायला टायम कुठे?”

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
रघुवीर

ता. क. : पत्राचं खरं कारण हे. दिवाळीत ते हस्तलिखित मी तुम्हांला पाठवलं होतं आणि परत करताना तुम्ही लिहिलं होतं की शेवट वाचून डोळे पाणावले. ते नेमके कशाने पाणावले, तेवढं उलट टपाली कळवावं.

आणखी ता. क. : पत्र कौसल्येला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्या पुडक्याला तिने मारलेली गाठ वेंगुर्ल्याहून जशीच्या तशी परत आली होती. वाईट वाटलं अण्णा, लपवत नाही. म्हटलं, म्हणजे माझा शेवट जगात कोणीच वाचला नाही. तर म्हणते, “मी वाचला होता. म्हणून तर पुठ्ठ्यांना दिला.” त्यावर आता ती एक शब्द बोलत नाही. तुम्ही थोरले, तुमचं ऐकेल. तिला दोन ओळी लिहा, वासंती कोणाकडे गेली तेवढं सांग म्हणून. आवडलं होतं की नाही, ते विचारू नका.