रिंकसमोर वीस मिनिटं

लार्कफील्ड, सस्कॅचेवान
१९ सप्टेंबर

प्रिय डोरीन,

तुला नमस्कार, तुझ्या गुडघ्याला वेगळा. समुद्राकाठची हवा त्याला मानवली का? मुलीला माझी आठवण सांग. इथे आम्ही बरे आहोत, म्हणजे जिवंत आहोत. आपल्या धंद्यात तेवढं पुरे धरतात.

मी मनावरचे उपचार घेतो आहे. हसू नकोस. अँब्युलन्स, पोलीस, आगीचा बंब अशा कामांवरच्या लोकांसाठी कॉम्प्युटरवर कोर्स आहे. आठ धडे, आणि आठवड्यातून एकदा मिरियम नावाच्या बाईंचा फोन. गावात कुणाला कळू नये म्हणून मुद्दाम हा निवडला. (घरी इंटरनेट धड चालत नाही, म्हणून धडे स्टेशनात उभ्या अँब्युलन्समध्ये बसून करतो. तुझ्या सीटवर. नवी पार्टनर ॲशली गुणी आहे, पण गाडीत गप्प असते. तू बेसूर गुणगुणायचीस. आता हॉस्पिटलपर्यंतचे सत्तर किलोमीटर सत्तरच वाटतात.)

दुसऱ्या धड्यात सगळ्यात वाईट कॉल लिहून काढायचा होता. मी आपल्या गावच्या विल्फचा लिहिला. ‘पुरुष, वय ६१. हॉकी रिंकच्या बर्फावर पडलेला. नाडी नाही. १४.१० ला छाती दाबायला सुरुवात. १४.५२ ला प्रयत्न थांबवले.’ मिरियमनी विचारलं, यात तुम्ही कुठे आहात? मी दुरुस्ती केली : ‘कर्मचारी क्रमांक दोन, रुग्णाच्या डाव्या बाजूस.’ मग म्हणाल्या, कर्मचारी क्रमांक दोनला काय वाटत होतं तेही लिहा. मी लिहिलं, ‘बर्फावर गुडघे टेकल्याने पँट ओली. अन्य तक्रार नाही.’ (एकवीस वर्षं रिपोर्ट लिहिणाऱ्या माणसाकडून दुसरं काय निघणार?) त्यांनी चार वेळा लिहून घेतलं. चौथ्यांदा कुठे त्यात विल्फचं नाव आलं आणि ‘मी’ हा शब्द आला.

मग पायऱ्या. जी जागा टाळता तिच्या थोडं थोडं जवळ जायचं. पहिली पायरी : रिंकसमोर गाडी लावून वीस मिनिटं बसायचं, दर पाच मिनिटांनी दहापैकी किती भीती वाटते ते लिहायचं. पहिल्या दिवशी भीती आठ. दुसऱ्या दिवशी रिंकशेजारची ग्लॅडिस पेरोगींचा, त्या बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्यांचा, डबा घेऊन आली आणि बायकोनं घराबाहेर काढलं का, असं हळूच विचारून गेली. तिसऱ्या दिवशी बॅटरी उतरली समजून दोघांनी माझ्या गाडीचं बॉनेट उघडलं. तोवर पेट्रोल पंपावरच्या कॉफीच्या टेबलावर खरं काय ते कळलेलं होतं, कसं ते विचारू नकोस. चौथ्या दिवशी माझ्या दोन्ही बाजूंना तीन पिकअप येऊन उभ्या राहिल्या. काचा खाली. गव्हात ओल किती, यावर वीस मिनिटं चर्चा. शेवटी म्हातारा नेस्टर म्हणाला, “आम्ही इथं सहज आलोय रे ऑरेस्ट, तू तुझं घाबरून घे.” वहीत नोंद केली : भीती दोन, वैताग नऊ. मिरियम म्हणाल्या, ही पायरी पुन्हा करा, एकट्याने. आता एकट्याने बसायला या गावात जागा कुठून आणू?

असो. आता मी रिंकच्या आत जातो, वरच्या बाकावर बसून कॉफी पितो. तेव्हा माझी काळजी करू नये.

तुझा जुना पार्टनर,
ऑरेस्ट

ता. क. आत जातो हे खोटं. दारापर्यंत गेलो, हँडलला हात लावला आणि परत आलो.

ता. क. २. चौथ्यांदा लिहिताना आणखी एक गोष्ट आली. तू माझ्या मनगटावर हात ठेवलास आणि म्हणालीस, “ऑरेस्ट, पुरे. तो गेलाय.” आणि स्टेशनवर परतताना मी तुला म्हणालो, “तू लवकर सोडलंस.” पाच मिनिटांचा रस्ता, तू गुणगुणलीही नाहीस. पुढच्या महिन्यात तू बदली मागितलीस. बेचाळीस मिनिटं झाली होती, डोरीन. तुझं बरोबर होतं. हे मला त्याच दिवशी माहीत होतं.

ता. क. ३. दहा ऑक्टोबरला रिंकमध्ये या हिवाळ्याचा नवा बर्फ घालणार आहेत. ये. यायला जमत नसेल तर दुपारी दोनला फोन कर, तो कानाला लावून मी आत जाईन. मी दारापाशी उभा असेन. किती वेळ, ते मिरियमना विचारलेलं नाही.