फोकस मागे जातो

६ डिसेंबर
खाडीकाठच्या खाजणावर गेलो. हिला जाऊन पंधरवडा झाला. घरात बसून तरी काय करू? शेकाटे उडाले — लांब लाल पाय मागे ताणून. पण मागे लव्हाळं, दगड, तारा, नुसता पसारा! कॅमेऱ्याचा फोकस नेहमीसारखा पक्षी सोडून त्या पसाऱ्याला जाऊन चिकटला. एरवी मी शिव्या घातल्या असत्या. आज काहीच वाटलं नाही.

७ डिसेंबर
लेकीचा फोन. "बाबा, आईचा एक चांगला फोटो पाठवा ना, फ्रेम करायचीय." मग हळूच, "तुम्ही रडलात का हो?" म्हटलं, वेळ नाही मिळाला. काय पण उत्तर!

८ डिसेंबर
कॉम्प्युटरवर ढिगाने पक्षी. हिचा धड एक फोटो नाही. रोज सकाळी माझ्याबरोबर यायची की! शेजारी बसली तर बडबड करते, पक्षी बुजतात, म्हणून मी तिला ओहोळापलीकडे बसवायचो. मग तिच्या लाल स्वेटरवर फोकस जायला लागला. मीच मातकट शाल आणून दिली. "बरं बाबा, नाही दिसत मी!" म्हणाली आणि हसली.

९ डिसेंबर
दिवसभर जुने फोटो मोठे करकरून पाहिले. माती कुठली आणि शाल कुठली, कळत नाही. झक मारली आणि ती शाल आणली!

१० डिसेंबर
जेवलो. झोपलो.

११ डिसेंबर
सापडली! फसलेला फोटो, उडवायचा राहून गेलेला. शेकाट्या म्हणजे पांढरा फराटा, आणि त्याच्यामागे ही — अगदी लख्ख. शालीचा धागान् धागा दिसतोय. पण तोंडासमोर मोबाईल धरलाय. चेहरा नाहीच! टाईमपास करत असेल, कंटाळून. बघत बसलो. चहा गार झाला. रडू येईल असं वाटलं, तेही नाही.

१२ डिसेंबर
तिचा मोबाईल चार्जिंगला लावला. उघडला.
एकही पक्षी नाही. सगळे फोटो माझे. एक डोळा मिटलेला, जीभ बाहेर, टोपी वाकडी — वर्षानुवर्षांचा मी. मागे तसाच सगळा पसारा. आणि हिचा फोकस एकदाही चुकलेला नाही.
लेकीला फोन लावला. बोलताच येईना. "रडा बाबा," ती म्हणाली. "मी आहे लाईनवर."