उजवा स्पीकर

मलकापूर, रविवार, १२ नोव्हेंबर १९७८

आज संच पुरा झाला. रेकॉर्ड प्लेअर, अँप्लिफायर आणि आता दोन स्पीकर, सगळं एकाच कंपनीचं. दुसऱ्या कंपनीची वस्तू घरात येऊ दिली नाही, म्हणून तर इतकी वर्षं लागली. आणि दादानं काय करावं? वाटणी झाल्यापासून भिंतीपलीकडं राहतो. आज सरळ आत आला, म्हणाला, "दोन हायत न्हवं? एक आमच्यात लावतो." उजवा स्पीकर उचलला, खिडकीतून वायर ओढली आणि गेला. थोरला भाऊ, बोलणार काय?

रागातच स्टिरिओ रेकॉर्ड लावली, दोन स्पीकरांत वेगवेगळा आवाज येणारी. माझ्याकडं नुसता तबला. गाणारी बाई उजव्या स्पीकरात, म्हणजे दादाच्या घरात. थोड्या वेळानं तोच दारात. "गड्या, आमच्यात तबला का वाजंना रं?"

हसूच आलं. शेवटी आपापल्या उंबऱ्यावर एकेक स्पीकर ठेवला आणि मधल्या अंगणात घोंगडं टाकून दोघं बसलो. वाटणीनंतर पहिल्यांदाच. काय आवाज लागला! वहिनींनी चहा तिथंच आणून दिला.

उठताना उजवा स्पीकर परत मागणार होतो. नाही मागितला. राहू दे त्याच्याकडंच. पुरं गाणं ऐकायचं तर त्याला अंगणात यावं लागेल. मलाही.