खांबचा बेत्यार

पेण,
२४ ऑगस्ट २०२५

प्रिय हरेश,

अनेक आशीर्वाद. मी आणि आई ठीक आहोत. तिकडे हंगेरीत कंपनीच्या शिफ्टा तुला जमल्या असतील. फोनवर तू समोरच्याला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

तू पाठवलेला त्या मिशाळ पुतळ्याचा फोटो पाहिला. तिकडे वाटमाऱ्यांना बेत्यार म्हणतात, त्यांची गाणी गातात आणि गाण्यात कोणीतरी बाई त्यांना शिपायांच्या हाती देते, हेही वाचलं. तेवढ्यावरून तुला आपले बाबा आठवले आणि आपल्या खांब गावच्या मंडळाला यंदाच्या गणपतीचा देखावा मिळाला. ट्रकवर चढलेले बाबा, मागे फितूर म्हणून कोलाडचे खानावळवाले रघूकाका. मूर्ती करायला पेणच्या कारखान्यात फुकटची बहीण आहेच.

बाबांनी हायवेवर ट्रक लुटून गावाला साखर वाटली, हे खरं. चवथीला घरोघर मोदक झाले. मीही खाल्ले. त्या ट्रकचा क्लीनर प्रवीण पोतं सोडेना, म्हणून बाबांनी कोयता चालवला आणि तो पोरगा तिथेच गेला, हे मात्र गावात कोणी सांगत नाही. बाबांना पकडलं त्या दिवशी पोलिस रघूकाकांकडे चहा प्यायले होते, एवढ्यावर काका फितूर ठरले. काकी वारल्या तेव्हा तिरडीला खांदा द्यायला गावातून कोणी गेलं नाही.

मागच्या आठवड्यात आई कारखान्यात आली. रघूकाकांची मूर्ती वाळत होती. आई तिच्यासमोर येऊन बसली.

“त्याचं तोंड मोड गो,” ती म्हणाली. “फौजदाराला मी सांगितलं. तुझ्या बापाने रगत लागलेलं पोतं घरी आणलं. म्हणाला, लाल तेवढी काढ, बाकीची चाळून वाट. मी चाळली.”

“इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“गाव मोदक खाऊन बसला व्हता. कोणाला सांगू?”

आईचा राग आला, खोटं कशाला बोलू. मग मी तो चेहरा मोडला. नवा घडवताना नमुना म्हणून आई समोर स्टुलावर बसून राहिली. काल डोळ्यांची आखणी झाली. उद्या टेम्पो खांबला जाईल, आई मूर्तीशेजारी बसून जाणार आहे. रघूकाकांना तिने स्वतः आरतीला बोलावलंय. हे पत्र तुला मिळेल तोवर गावाने सगळं पाहिलेलं असेल.

तिकडच्या गाण्यातली ती बाई कशापायी फितली, कोणाला माहीत असेल तर विचार. तिच्या चाळणीत काय उरलं होतं, तेही विचार.

फितुराची मुलगी,
तुझी ताई
अनिता