चार नंबरची बेल

१२ फेब्रुवारी २००७, सोमवार

नोकरी लागली. डायरी नवी आहे, म्हणून पहिलं पान जरा बऱ्या अक्षरात लिहितो.

देवळाली कॅम्पातून दोन बस बदलून दिंडोरी रस्त्याला उतरलो. समोर पांढरीशुभ्र इमारत, मागे नजर जाईल तिथवर द्राक्षांचे मांडव. हे कुंदनशेठचं शीतगृह. हंगामात इथून द्राक्षं गार करून परदेशी जातात. शेठनी स्वतः चहा पाजला, एक घड हातात दिला आणि म्हणाले, आमचं नेटवर्क सरळ केलंत तर हंगाम संपायच्या आत तुम्हाला कायम करतो. मी म्हटलं, झालंच समजा. हार्डवेअरच्या क्लासात मी पहिला आलोय, उगाच नाही. घरी बाबा अजून मला रिकामटेकडा म्हणतात. कायमचं पत्र एकदा त्यांच्या ताटाशेजारी ठेवायचंय.

काम असं आहे. आत चार थंड खोल्या. पेट्या रचायला एकेक बाई आत जाते आणि दार बाहेरून लावतात. आतून दार उघडायचा दांडा शेठनी काढून टाकलाय, कारण बाया सारख्या आत-बाहेर करतात आणि गारवा वाया जातो. काम आटोपलं की बाईनं आतलं बटण दाबायचं. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर त्या खोलीचा हिरवा दिवा लाल होतो, बेल वाजते आणि वाल्मीक मुकादम जाऊन दार उघडतो. मी विचारलं, बेल नाही वाजली तर? शेठ हसून म्हणाले, वाजते हो.

१४ फेब्रुवारी

माशी कुठे शिंकते ते कळलं.

कॉम्प्युटरवर मोहिनी नावाची मुलगी बसते. भारनियमनाची वेळ झाली की ती मशीन हायबरनेटवर टाकते, म्हणजे उघडी बिलं आहेत तशीच राहतात. त्याला ती झोपवणं म्हणते. जनरेटर आहे, पण तो फक्त गारव्याच्या यंत्रांना. ऑफिसला द्यायचं शेठच्या जिवावर येतं. लाइट आली की मोहिनी मशीन उठवते. बिलं दिसतात, चारही दिवे हिरवे दिसतात आणि सगळे खूश. पण उठताना नेटवर्क गेलेलं असतं, आणि ते हिरवे दिवे झोपण्याआधीचे असतात. आत एखादी बाई बटण दाबून दमली तरी इथे आपलं हिरवंगार. मोहिनीला हे समजावून सांगितलं तर तिचा चेहरा उतरला. ती उठून पाणी प्यायला गेली आणि बराच वेळ आलीच नाही.

'रिपेअर' केलं, उपयोग शून्य. केबल काढून परत लावली, तेच. लॅन कार्ड बंद करून पुन्हा चालू केलं तेव्हा नेटवर्क आलं. आलं आणि लगेच चार नंबर लाल झाला, बेल वाजली. धावत गेलो तर चार नंबरला कुलूप. गेल्या हंगामापासून ती खोली बंदच आहे म्हणे. आत रिकामे क्रेट पडलेत.

१७ फेब्रुवारी

लॅन कार्डाचा नवा ड्रायव्हर टाकला. मशीन उठल्यावर नेटवर्क तरीही जातंच. मी हातानं आणतो आणि दर वेळी पहिली बेल चारचीच. दोनदा वाजते, जरा थांबते, मग एकदा.

आज शिडी लावून वायर तपासली. तीन खोल्यांच्या वायरी जोडणीच्या डब्यात आल्यात. चारची वायर छाटलेली आहे, डब्यापर्यंत येतच नाही. मग बेल कुठून येते? सॉफ्टवेअरची खोडी असणार, दुसरं काय. मोहिनीला म्हटलं, तुमच्याकडे भूत आहे आणि त्याला नेटवर्किंग येतं. माझ्या विनोदाला हसायला काय पैसे पडतात का? हसली नाही.

ही डायरी आता स्क्रूड्रायव्हरच्या पिशवीतच ठेवतो. फॉल्ट दिसला की तिथल्या तिथे टिपता येतो.

२० फेब्रुवारी

डोक्याला ताप. चारच्या बेलनं वैताग आणला म्हणून स्पीकर बंद केला आणि मिसळ खायला नाक्यावर गेलो. मोहिनीही जेवायला गेलेली. इकडे दोन नंबरमध्ये नवसाबाई नावाची सुरगाण्याकडची बाई अडकली. बटण दाबून दाबून शेवटी पेट्यांना टेकून बसली होती. वाल्मीकनं काढली तेव्हा तिची बोटं निळी पडलेली, दातखीळ बसलेली. शेठ माझ्यावर नाही, तिच्यावरच ओरडले, की दार का वाजवलं नाहीस. त्या जाड दारावर डोकं आपटलं तरी बाहेर ऐकू येत नाही, हे मला ठाऊक होतं. पण नवीन माणसानं कशाला तोंड उघडायचं?

तिला ऊन खायला ऑफिसच्या खिडकीखाली बसवलं. स्पीकर पुन्हा चालू केला. लाइट आली, मशीन उठवलं, नेटवर्क आणलं. चारची बेल वाजली. दोनदा, थांबून एकदा.

नवसाबाई ताडकन उठली. खिडकीचे गज धरून विचारायला लागली, आत कोण हाय. मी म्हटलं, कोणी नाही. ती म्हणाली, माझी साधना हाय, ती अशीच दाबायची, मी बाहेर असले की मला कळावं म्हणून.

२३ फेब्रुवारी

साधना म्हणजे तिची मुलगी. गेल्या हंगामात इथेच कामाला होती. कंटेनरच्या ड्रायव्हरबरोबर पळून गेली असं शेठनी तिला सांगितलं. तेव्हापासून ही बाई गेटात येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या केबिनमध्ये डोकावते.

आता लाइट यायची वेळ झाली की ती काम टाकून खिडकीखाली येऊन बसते. बेल ऐकते, पदरानं तोंड पुसते आणि पुन्हा कामाला लागते. आज माझ्यापुढे हात जोडले. म्हणाली, दादा, बाकी काय बी दुरुस्त कर, पन ही बेल राहू दे, मला दुसरं काय नाय. मी बघू म्हटलं. खरं सांगायचं तर मला तिची किळस यायला लागली आहे. रोज तिथे बसलेली असते.

२६ फेब्रुवारी

मोहिनी आज रडली. मी विचारलंही नव्हतं.

गेल्या हंगामात एके दिवशी लाइट आल्यावर तिनं मशीन उठवलं. चारही दिवे हिरवे होते, म्हणून ती जेवायला गेली, मग बिलं करत बसली. संध्याकाळी पेट्या काढायला चार नंबर उघडला तेव्हा साधना दाराशीच होती. बोट बटणावर. शेठनी तिचं प्रेत त्या दिवशीच्या कंटेनरमधून कुठे पाठवून दिलं ते मोहिनीला माहीत नाही. पळून गेली असं सांग, एवढंच तिला बजावलं होतं.

 पण मी काय करू? पोलिसात जाऊ? मग नोकरी कोण देणार?

२८ फेब्रुवारी

सुटलं. इतकं साधं होतं की हसू आलं. लॅन कार्डाच्या सेटिंगमध्ये एक टिक होती, वीज वाचवायला कार्ड बंद करू द्यायची. मशीन झोपायचं तेव्हा कार्डही झोपायचं आणि परत उठायचंच नाही. टिक काढली. मशीन झोपवलं, उठवलं, नेटवर्क जागच्या जागी.

पण मी हातही लावला नव्हता आणि चारची बेल सुरू झाली. थांबेचना. दोनदा, एकदा. दोनदा, एकदा. बाया हातातलं काम टाकून बघायला लागल्या. शेठ आत आले तेव्हा पांढरेफटक पडले होते. म्हणाले, परदेशी गिऱ्हाइकाचा माणूस पाहणीला येतोय, त्याआधी हा चार नंबर गप करा. करा आणि पत्र घेऊन जा.

केला. चारचा दिवा कायमचा हिरवा करून टाकला. आता कोणी काही दाबो, तो लाल होणार नाही आणि बेल वाजणार नाही. सही-शिक्क्याचं पत्र खिशात आहे. झोप छान लागेल.

२ मार्च

नवसाबाई दोन दिवस बसून होती. बेल नाही. आज आत आली आणि विचारलं, काढली का रे दादा. मी म्हटलं, मी कशाला काढू, आत कोणी बटण दाबलं तर बेल वाजणारच. तुझी पोर असेल कुठे संसारात सुखी, म्हणून बेल गप झाली.

आईची शपथ घे म्हणाली. घेतली. शब्दांनी कोणाची आई मरत नाही.

५ मार्च

शिमग्याला बाया गावी गेल्या. सगळा माल कंटेनरमध्ये भरून गेला, खोल्या रिकाम्या. शेठ बंदरावर. नवसाबाई गेलेली नाही. झाडू घेऊन फिरते. आज चार नंबरच्या दाराला कान लावून उभी होती. मला बघून हलली नाही.

८ मार्च, रंगपंचमी

सकाळी फाट्यावर पोरांनी गाठलं आणि बादल्याच्या बादल्या ओतल्या. नखशिखांत भिजलोय. मोहिनी आणि वाल्मीक नाशकात रहाडीवर, रंगाच्या हौदावर गेलेत. शेठचा फोन आला, की उद्या पाहणी आहे, आज कोणी नसताना चारमधला बटणाचा डबा काढून टाका, म्हणजे कोणी विचारायला नको. दहा मिनिटांचं काम. मोबाइल भिजू नये म्हणून ऑफिसात ठेवतो. किल्ली ड्रॉवरमध्ये आहे. जातो आणि येतो.

८ मार्च, चार नंबर

टॉर्चच्या उजेडात लिहितोय.

डबा खोलत होतो. नवसाबाई दारात आली. विचारलं, आत कोणी दाबलं तर वाजते ना. मी मान वळवली नाही. हो गं बाई, वाजते, किती वेळा सांगू, असं म्हणालो. मग दाब, म्हणाली. मी खिडकीखाली बसते. वाजली की उघडते.

दार लागलं. मला वाटलं चेष्टा करतेय. मग पंखे सुरू झाले. गारव्याचं बटण बाहेर दाराशीच आहे.

नंतर

ओरडून घसा बसला. दारावर लाथा मारल्या. काही नाही. कपडे ओले. पंख्याचा वारा थेट अंगावर येतोय. क्रेट रचून आडोसा केला पण वारा फटीतून—

ती फसवत नाहीये. ती खरंच तिथे बसली असेल, गजाला धरून. वाजली की धावत येईल. आणि मी—

कोणीतरी शेठला सांगा. कोण सांगणार? उद्या सकाळी मोहिनी येईल. मशीन उठवेल. नेटवर्क जाणार नाही आता. चारही दिवे हिरवे—

नंतर

रंग गोठून कडक झालाय. बोटं वळत नाहीत. बटणाचा डबा भिंतीवरून काढून मांडीवर घेतलाय. मागे वायर नाही. माहीत आहे. तरी दाबतोय. आई, खोटी शपथ—

नवसाबाई, मी काढली गं, मी काढली, ऐकू येत नाही का—

थांबलो तरी आवाज येतोय. बटणाचा. डबा माझ्या मांडीवर आहे. मग भिंतीवर काय—

दोनदा. थांबून एकदा.

टॉर्च गेला. चाचपून लिहितोय. क्रेटच्या मागून कोणीतरी सरकत— शेजारी बसली. माझ्याहून गार. माझ्या बोटावर बोट ठेवलं. रागावलेली नाही. शिकवतेय. असं नाही, असं. म्हणजे आईला कळेल. दोनदा. मग थांब. मग ए